गोळी झाडणारे कोण होते?

मागच्या भागात आपण घुमानला जाऊन आलो, संत नामदेवांच्या पंजाबातल्या गावी. आज लांब नेत नाही. आजची गोष्ट माझ्या घराजवळच्या एका शाळेतली आहे आणि तिच्यात माझी एक चूक आहे. ती सांगायची की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की चूक गाळून सांगायचं असेल तर हा भागच करू नका. म्हणून सांगतो.

जे हे भाषण पाहत नाहीत, पुस्तकातच वाचताहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजेत तीसेक वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर मोहालीत घर केलं. मोहालीचं सरकारी नाव साहिबजादा अजितसिंह नगर. चंदीगडला अगदी चिकटून असलेलं शहर. सरळ रस्ते, नंबरांचे सेक्टर, कोठ्या, मॉल, आयटीच्या काचेच्या इमारती. पण या सेक्टरांच्या पोटात जुनी गावं तशीच राहिली आहेत. मटौर, कुंभडा, शाहीमाजरा, सोहाना. सरळ चाललेला रस्ता एकाएकी वाकडा झाला आणि म्हशी दिसायला लागल्या, की समजायचं गाव आलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी इथल्या एका खासगी शाळेच्या इतिहासाच्या बाईंनी मला बोलावलं. नववी ते अकरावीची मुलं, महिन्यातून एक शनिवार, दोन पिरियड जोडून. मुलांना माझ्याकडून कारगिलच्या गोष्टी हव्या होत्या. मला जालियनवाला बाग सांगायची होती. मी बोलायला लागलो आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर बाकांखाली मोबाइलचे उजेड दिसायला लागले. रागावण्यात अर्थ नव्हता. त्यातलं प्रत्येक मूल अमृतसरला तीन-चारदा जाऊन आलेलं, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांशेजारी उभं राहून फोटो काढलेलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, सर, सिनेमा दाखवा. पुढच्या महिन्यात मी रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या ‘गांधी’मधला तेवढा भाग घेऊन गेलो. डायर तुकडी घेऊन आत येतो तिथून पुढे, हंटर कमिटीसमोर त्याची जबानी होते तिथपर्यंत. स्मार्ट बोर्डवर दाखवला. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. संपल्यावर दोन मुली रडत होत्या, मुलं डायरला शिव्या घालत होती. मला वाटलं, जमलं. मी आकडे सांगितले. १३ एप्रिल १९१९, सुमारे दहा मिनिटं गोळीबार, १६५० फैरी, सरकारी हिशोबाने ३७९ मृत, लोकांच्या हिशोबाने त्याहून कितीतरी जास्त. चिलखती गाड्या बोळात शिरू शकल्या नाहीत, शिरल्या असत्या तर मशीनगन वापरली असती, हे डायरने स्वतःच कबूल केलं होतं.

तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. दहावीतली, शांत, एरवी न बोलणारी. तिने विचारलं, सर जी, डायर तर एकटा होता. बंदुका ज्यांच्या हातात होत्या ते कोण होते?

मी सांगितलं. बंदूकधारी पन्नास, हिंदी फौजेतले शिपाई. गुरखे होते, फ्रंटियर फोर्सच्या पलटणींतले होते. आणखी चाळीस गुरखे नुसत्या खुकऱ्या घेऊन.

म्हणजे आपलेच, ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, तुम्ही तिथे असता तर तुम्ही गोळी चालवली असती?

मंडळी, चाळीस वर्षांपूर्वी हाच सिनेमा मी आमच्या युनिटमध्ये पाहिला होता. तेव्हा दोन ट्रकांच्या मध्ये पांढरा पडदा बांधायचे, अधिकारी आणि जवान सगळे जमिनीवर. जागा पुरली नाही की काही जण पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे आणि उलटा सिनेमा बघायचे. त्यांच्या बाजूने बघितलं की सगळे डावखुरे. बागेचा प्रसंग संपला तरी कुणी हललं नाही. माझ्या शेजारी आमचे सुभेदार साहेब होते. ते हळूच एवढंच म्हणाले, साहब, इन जवानों का कोई नाम नहीं लेता. मी तेव्हा नवा लेफ्टनंट. ऐकलं न ऐकलंसं केलं. ते वाक्य इतकी वर्षं कुठेतरी पडून होतं, ते या मुलीने उकरून काढलं.

मी तिला खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. मग जे माहीत आहे ते सांगितलं. आमच्या लष्करी कायद्यात हुकूम मोडणं गुन्हा आहे, पण तिथे शब्द आहे कायदेशीर हुकूम. जमाव पांगवायला फौज बोलावली तर कमीत कमी बळ वापरायचं आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करायची, असं फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिलेलं होतं, नव्या संहितेतही आहे. आम्हाला ते शिकवतात. तिने लगेच विचारलं, हुकूम कायदेशीर आहे की नाही हे त्या सेकंदाला कोण ठरवणार? घंटा झाली. मी सुटलो.

घरी येऊन विचार केला, की अन्यायाचे सिनेमे आपण मुलांना दाखवतो तेव्हा नेमकं काय दाखवतो? एक दुष्ट, एक दुबळा. मुलं दुबळ्यासाठी रडतात, दुष्टावर चिडतात आणि हात धुऊन बाहेर पडतात. त्या मुलीने तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवलं होतं. मधल्या माणसाकडे. बंदूक धरणारा, हुकूम लिहून घेणारा, कडेला उभं राहून बघणारा. इतिहासात संख्येने सगळ्यांत जास्त तोच असतो आणि पडद्यावर सगळ्यांत कमी दिसतो.

आपल्या मराठी सिनेमाने हे सुरुवातीपासून ओळखलेलं आहे, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला. मूकपट. कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी; तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे प्रभातमध्ये शांतारामबापूंनी १९३५ साली एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. त्याचं आधीचं नाव ‘महात्मा’. सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजींचा वास आला आणि नाव बदलावं लागलं. १९३७ चा ‘कुंकू’ तर म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीचा. शांता आपटे यांची नीरा त्या नवऱ्यापुढे मान तुकवायला नकार देते. पण बघा, ‘कुंकू’मध्ये खलनायक कोण? नवरा शेवटी पश्चात्ताप करणारा माणूस आहे. ज्या मामाने पैसे घेऊन मुलगी दिली, जे लग्नाला येऊन जेवून गेले, ते मधले.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातला असा सिनेमा म्हणजे ‘सामना’. तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. आमच्याकडे तो जत्रेतल्या तंबूत आला तेव्हा मी कॉलेजात होतो. खाली बसणाऱ्याला कमी तिकीट, खुर्चीला जास्त. निळू फुल्यांचा साखरसम्राट, डॉक्टर लागूंचा दारुडा मास्तर, आणि गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे. मास्तर सगळ्यांना त्याच्याबद्दल विचारत सुटतो आणि कुणी बोलायला तयार नाही. तंबूतून बाहेर पडलो तेव्हा सगळी पोरं निळूभाऊंची नक्कल करत होती. मीही करत होतो. आमच्या गावातही एक माणूस विहिरीच्या भांडणानंतर दिसेनासा झालेला होता. मुंबईला गेला म्हणत. त्या रात्री तीन किलोमीटर चालत घरी येताना आमच्यातल्या एकाच्याही तोंडून त्याचं नाव निघालं नाही. माझ्याही नाही. आज एवढंच म्हणतो.

तर मी ठरवलं, मुलांना मधली माणसं दाखवायची. आणि उत्साहाच्या भरात थेट ‘फँड्री’ घेऊन गेलो. माझी चूक ती हीच.

नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१३ चा, थिएटरात आला २०१४ च्या फेब्रुवारीत. कैकाडी कुटुंबातला शाळकरी जब्या, त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, आणि गावातली डुकरं पकडण्याचं घरच्यांच्या गळ्यात पडलेलं काम. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शेवटी सगळं कुटुंब डुकरामागे धावतं आणि गाव कडेला बसून मॅच बघितल्यासारखं बघतं, हसतं, मोबाइलवर टिपतं. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या पळता पळता ताठ उभा राहतो. फौजी माणूस म्हणून सांगतो, राष्ट्रगीताला मी आयुष्यात हजारो वेळा सावधान उभा राहिलो असेन, पण तो प्रसंग बघताना पहिल्यांदा मला खुर्चीत बसवेना.

मोहालीच्या वर्गात इंग्रजी सबटायटल लावून दाखवला. डुकराची पळापळ सुरू झाली आणि वर्ग हसायला लागला. सिनेमातलं गाव हसतंय आणि वर्गही हसतोय, अगदी एका सुरात. दिग्दर्शकाने ते तसंच बांधलेलं आहे. प्रेक्षक गावाबरोबर हसत हसत पुढे जातो आणि शेवटी जब्या जो दगड फेकतो तो सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. दगड आला, पडदा काळा झाला, वर्ग गप्प. मी मनात खूष. चर्चा छान झाली. मुलांनी ठरलेली उत्तरं छान इंग्रजीत दिली. एकाने तर महाराष्ट्रात अजून असं चालतं का म्हणून मला सहानुभूती दाखवली.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. वर्गात एक मुलगा होता. जवळच्या गावातला, वडील सफाईच्या कामावर, अभ्यासात हुशार, शाळेने फी माफ केलेला. हे सगळं वर्गाला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. शाळेच्या बसमध्ये कुणीतरी त्याला त्या सिनेमाच्या नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवशी तीच हाक मैदानावर. तिसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलेला नव्हता.

मंडळी, मी त्या मुलांच्या हातात एक नवी शिवी दिली होती. तीही राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली.

मी फौजेतला माणूस. चूक झाली की पुढे होऊन निस्तरायची, हेच शिकलेलं. म्हटलं, मी त्याच्या घरी जातो. बाई म्हणाल्या, जाऊ नका, कर्नल साहेब गाडी घेऊन आले तर सगळी गल्ली विचारील काय झालं म्हणून. म्हटलं, मग वर्गासमोर माफी मागतो. त्या म्हणाल्या, म्हणजे ज्यांना अजून कळलं नाही त्यांनाही कळेल. बाईंचं वय पस्तीसही नसेल, पण त्या दिवशी त्या माझ्यापेक्षा सीनियर होत्या. ज्याने हाक मारली त्याच्याशी त्या एकट्या बोलल्या. बसमध्ये जे हसले त्यांच्याशीही एकेक करून. मुलगा पुढच्या सोमवारी आला. मला मात्र गप्प बसण्याची शिक्षा मिळाली आणि ती योग्यच होती.

त्यानंतर तीन महिने मी काही दाखवलं नाही, वाचत बसलो. एक गोष्ट कळली, की मुलांना ‘जब्याला कसं वाटलं असेल’ असं विचारण्यात घोळ आहे. वर्गात ज्याला ते खरंच माहीत आहे त्याला हा प्रश्न उघडा पाडतो, आणि बाकीच्यांना फुकटची करुणा देतो. विचारायचं ते हे, की हा नियम कुणी लिहिला, कुठल्या कागदावर, आणि त्यातून कुणाचं काय वाचलं.

चौथ्या महिन्यात ‘सद्गती’ घेऊन गेलो. प्रेमचंदांची कथा, सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला छोटा सिनेमा. तासाभराच्या आत संपतो, म्हणजे दोन पिरियडांत बसतो आणि बोलायला वेळ उरतो. ओम पुरी, स्मिता पाटील आणि पंडिताच्या भूमिकेत आपले मोहन आगाशे. मुलीच्या सोयरिकीसाठी पंडिताला बोलवायला आलेला दुखी त्याच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. प्रेत रस्त्यात. वस्तीतले लोक उचलायला नकार देतात. शेवटी पंडित स्वतःच, शिवावं लागू नये म्हणून, पायात दोर अडकवून ओढत नेतो. या वेळी मी कुणाला कसं वाटलं ते विचारलं नाही. विचारलं, दुखीला मजुरी का मिळाली नाही? मिळायला हवी हे त्यालाच का वाटलं नाही? वस्तीने प्रेत उचललं नाही तेव्हा पंडिताचं काय अडलं? वर्गाला पहिल्यांदाच हिशोब मांडावा लागला. एक मुलगा म्हणाला, सर, हा तर संप आहे.

मग मी त्यांना पंजाबचा कागद दाखवला. यासाठी आधी आपल्या दख्खनेत जाऊ. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे काढून जाळले. माणसांना फारसा हात लावला नाही, कागद जाळले. दंगल नगर जिल्ह्यातही पसरली. इंग्रजांनी चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवणारा कायदा केला. पंजाबात तीच भीती. पंजाब म्हणजे फौजेची भरती, तिथला जाट शेतकरी जमीन गमावून बिथरला तर राज्य धोक्यात. म्हणून १९०० साली पंजाबात जमीन हस्तांतरणाचा कायदा आला. जिल्ह्याजिल्ह्यात शेती करणाऱ्या जमातींची यादी झाली. यादीतल्या माणसाने यादीबाहेरच्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन कायमची विकायची नाही. हेतू चांगला, सावकाराला रोखायचा. पण त्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या दलित जातींना यादीत जागा मिळाली नाही. म्हणजे घाम गाळून पैसे साठवले तरी शेत विकत घेणं जवळपास अशक्य. कुठे खलनायक नाही, कुणी दगड मारलेला नाही. एका दफ्तरात एका कारकुनाने एक यादी केली.

या यादीविरुद्ध बोलणारेही झाले. होशियारपूर जिल्ह्यातले मंगूराम मुग्गोवालिया अमेरिकेत जाऊन गदर चळवळीत शिरले, परत आले आणि १९२६ साली त्यांनी आद धर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म आद धर्म असा लिहवला. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं, घाबरून बदल सुचवले, बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. जातिभेद निर्मूलनावरचं ते पुस्तक आज जगभर वाचलं जातं, आणि त्याचं निमित्त पंजाबचं आहे, हे पंजाबातल्या या मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ धो धो चालत होता, हेही सांगितलं. ब्राह्मण मुलगा, दलित मुलगी, शेवटी मरते ती मुलगी. लोक रडून घरी गेले असणार.

जमिनीचा तो कायदा राज्यघटनेनंतर गेला. पण यादीने जे व्हायचं ते झालेलं होतं. २०११ च्या जनगणनेत पंजाबात अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास ३२ टक्के, देशातल्या राज्यांत सगळ्यांत जास्त. जमिनीतला वाटा मात्र किरकोळ. गावकीच्या शेतजमिनीचा, इथे तिला शामलात म्हणतात, एक तृतीयांश भाग त्यांना कसायला देण्याचा नियम आहे; त्या लिलावात दुसऱ्याच्या नावावर बोली लावून जमीन जुन्याच मालकांकडे जाते म्हणून गेली दहा-बारा वर्षं संगरूरकडे आंदोलनं चालली आहेत.

मी मुलांना घरचा अभ्यास दिला. आपल्याकडे सातबारा तशी इथे फर्द. घरी विचारा, आपल्या आजोबांच्या गावाला कुणाची जमीन होती आणि कुणाची नव्हती. नावं आणायची नाहीत, फक्त काय होतं ते.

मंडळी, मला वाटलं होतं चार-पाच मुलं करतील. वीस जणांनी केलं. एकाला कळलं, की त्याची कोठी ज्या सेक्टरात आहे ती जमीन शेजारच्याच गावाची होती. भरपाई मालकांना मिळाली आणि त्यावर मजुरी करणाऱ्यांना काहीच नाही. आणि बंदुका कुणाच्या हातात होत्या हे विचारणारी ती मुलगी भटिंड्याकडच्या आपल्या दादीला फोन करून आली. जाट कुटुंब, आजोबा फौजेत होते. दादीने तिला सांगितलं, की गावात गुरुद्वारे दोन आहेत आणि स्मशानंही दोन. मुलीने विचारलं, गुरूंनी तर एका पंगतीत बसवलं ना, मग दोन का? दादी म्हणाली, पहिल्यापासून आहेत. मुलगी सुट्टीत दरवर्षी त्या गावाला जायची. दुसरं स्मशान तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते रस्त्यावरच होतं.

तिने हे वर्गात सांगितलं. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांचा शाळेला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही भेटलो. सभ्य गृहस्थ, मला पाहून उठून उभे राहिले, चहा मागवला. आवाज जराही चढवला नाही. म्हणाले, कर्नल साब, बच्चों को इतिहास ज़रूर पढ़ाओ, पर अंग्रेज़ों का दिखाओ जी. उसमें किसी को तकलीफ नहीं होती. मी त्यांना नामदेवांची गोष्ट सांगितली. देवळातून उठवून दिलेला आमचा शिंपी आणि त्याच्याकडे तोंड फिरवलेलं देऊळ. ती गोष्ट तुमच्या गुरु ग्रंथ साहिबात आहे, म्हटलं. ते हसले. म्हणाले, तो तर आमचाच आहे. चहा संपला. मुलीला त्यांनी वर्गातून काढलं नाही, पण पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा काहीच बोलली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यात मी काही बिघडवलं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही.

मात्र तिच्या पहिल्या प्रश्नाचं देणं माझ्यावर होतं. वर्षाच्या शेवटच्या शनिवारी मी सिनेमा न दाखवता एक गोष्ट सांगितली. २३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्साखानी बाजार. खान अब्दुल गफारखानांच्या अटकेनंतर निःशस्त्र पठाणांचा जमाव. समोर रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन. गोळी चालवायचा हुकूम झाला आणि हवालदार चंद्रसिंह गढवालीने आपल्या जवानांना गोळी थांबवायला सांगितलं. बंदुका खाली आल्या. समोर पठाण मुसलमान, इकडे गढवाली हिंदू, आणि इंग्रजाला खात्री होती की हे एकमेकांवर नक्की झाडतील. त्या दिवशी दुसऱ्या सैन्याकडून गोळीबार करवून घेतला गेला, माणसं मेलीच. पण या तुकडीने झाडली नाही. कोर्टमार्शल झालं. बॅरिस्टर मुकंदीलाल यांनी त्यांची बाजू लढवली. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, १९४१ साली ते सुटले.

मी म्हटलं, अमृतसरचे पन्नास आणि पेशावरचे गढवाली, दोघांची बंदूक तीच, शिस्त तीच, मधे अकरा वर्षं. या अकरा वर्षांत काय बदललं ते लिहून आणा. त्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

बसमधला तो मुलगा शेवटच्या बाकावर असायचा. परत आल्यापासून त्याने माझ्या तासाला कधी तोंड उघडलं नव्हतं, मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याने हात वर केला. सर जी, त्या जवानांच्या घरी कोण होतं? त्यांना पेन्शन मिळाली?

मी सांगितलं, नोकरी गेली, चंद्रसिंहांची मालमत्ताही जप्त करण्याची शिक्षा होती. घरच्यांचं काय झालं ते शोधून पुढच्या वर्षी सांगतो.

त्याने पेनचं टोपण काढलं आणि म्हणाला, गाव कुठलं होतं, सर? मी शोधतो.